टेस्ट राइडचा कौल मला मान्य नाही

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सातारा रस्त्यावर मिसळ खायला थांबलो होतो. आमच्या ग्रुपमधल्या एका जुन्या मित्राने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आता बदल ही. एकदा टेस्ट राइड घे, तुझे सगळे प्रश्न तिथेच सुटतील." टेबलावरच्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माझी गाडी हिमालयन ४११, २०१९ची, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. मित्राने नवी हिमालयन ४५० घेतली आहे आणि तो तिच्यावर मनापासून खूश आहे. त्याचा हेतू चांगला आहे, आणि बोलला तेही मुद्देसूद. म्हणूनच ते हसून सोडून द्यावंसं वाटलं नाही. हा सल्ला आज प्रत्येक रायडिंग ग्रुपमध्ये, प्रत्येक चहाच्या टपरीवर दिला जातो, आणि तो ऐकून लोक तीन-साडेतीन लाखांचे निर्णय घेतात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. टेस्ट राइड घेतली की फरक अंगाला कळतो, मग आकडेमोडीची गरज उरत नाही. महाराष्ट्रातले रस्ते बदलले, वेग वाढले, जुनी गाडी आता मागे पडते. नवी गाडी जास्त सुरक्षित असते. जुन्या मॉडेलचं उत्पादन बंद झालं, उद्या पार्ट मिळणार नाहीत आणि किंमतही मिळणार नाही. आणि हप्ता तर परवडतोच. यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही. पण यातला एकही, माझ्या मते, गाडी बदलण्यासाठी पुरेसा नाही.

आधी टेस्ट राइडबद्दल. ती मी घेतली. शोरूममधल्या पोराने लायसन्सची झेरॉक्स घेतली, हेल्मेट पाहिलं आणि चांगला अर्धा तास गाडी हातात दिली. नवी हिमालयन उत्तम गाडी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा जुन्या गाडीचा जवळजवळ एकही भाग तिने जसाच्या तसा उचलला नव्हता. जुनं इंजिन हवा-तेलावर थंड होणारं, ४११ सीसीचं, २४ हॉर्सपॉवरचं. नवं पाण्यावर थंड होणारं, ४५२ सीसीचं, ४० हॉर्सपॉवरचं. टॉर्क ३२ न्यूटन मीटरवरून ४० वर गेला. पाचाच्या जागी सहा गिअर, १५ लिटरच्या टाकीऐवजी १७ लिटरची, पुढे उलट्या बांधणीचा फोर्क, क्लच दोन बोटांनी दाबता येईल इतका हलका, आणि गोल स्क्रीनवर नकाशा. शोरूमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर तिने असा गिळला की मी आरशात पाहिलं, होता ना खरंच? हायवेला लागल्यावर पिळली आणि हात जरा खेचले गेले. छातीत धडधडलं. ते मी नाकारत नाही.

पण त्या अर्ध्या तासात काय होतं आणि काय नव्हतं, ते बघा. टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल होतं, म्हणजे एरवी टाकीत असणारं दहा-बारा किलो वजन नव्हतं. शेवटची दहा मिनिटं सोडली तर मागे कोणी बसलं नव्हतं. बाजूला भरलेल्या बॅगा नव्हत्या. पाऊस नव्हता, रात्र नव्हती, खडी नव्हती. मी ताजातवाना होतो, सकाळी पोटभर नाश्ता करून आलेलो. सहावा गिअर लागेपर्यंत यू-टर्न आला. टूरिंगच्या गाडीबद्दलचे जे खरे प्रश्न आहेत त्यातला एकही त्या रस्त्यावर मला पडला नाही, मग उत्तर कुठून मिळणार? शोरूमवाल्यांचा यात दोष नाही. अर्ध्या तासात गाडीचा पहिला अर्धा तासच कळतो. आणि पहिला अर्धा तास तर पंधरा वर्षांची स्कूटरसुद्धा सुखाचाच देते.

टूरिंगच्या गाडीची परीक्षा चौथ्या तासानंतर सुरू होते. बूड दुखायला लागतं, मनगटं जड होतात, मागची व्यक्ती दर दहा मिनिटांनी सरकून बसते, समोरून येणाऱ्या ट्रकचा हेडलाइट डोळ्यात जातो. हेच मी बायकोला विचारलं. टेस्ट राइडच्या शेवटी तिलाही दहा मिनिटं मागे बसायला मिळालं होतं. ती म्हणाली, "दहा मिनिटांत काय सांगू? मला चिपळूणला पोचल्यावर विचार." माझ्या मित्राच्या सगळ्या युक्तिवादाला यापेक्षा नेमकं उत्तर मला सुचलेलं नाही.

मग निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा? माझ्या टँक बॅगेत एक दोनशे पानी वही असते. मुक्कामी पोचलं की त्या दिवशीचे किलोमीटर, पेट्रोल, आणि कुठे कशामुळे खोळंबा झाला, एवढं मी तीत लिहितो. टेस्ट राइडहून घरी आलो आणि गेल्या तीन वर्षांची पानं काढून बसलो. खोळंब्याच्या सोळा नोंदी निघाल्या. पंक्चर चार वेळा. पाठ किंवा बूड दुखलं म्हणून ठरवलेल्या मुक्कामाच्या अलीकडे थांबावं लागलं, पाच वेळा. पाऊस आणि दरडीमुळे घाट बंद, तीन वेळा. खाडीवरची फेरीबोट चुकली, दोनदा. चेन सैल पडून आवाज करायला लागली, एकदा. आणि गाडीत दम कमी पडला म्हणून टँकरच्या मागे रखडलो, तेही एकदाच, दोघं आणि सामान घेऊन आंबोली चढताना.

सोळातली एक. जास्तीच्या सोळा हॉर्सपॉवरनी माझी एवढीच एक नोंद पुसली असती. पाठदुखीचा इलाज मी गावातल्या सीटवाल्याकडे केला. त्याने फोम बदलून सीट मागे दोन बोटं रुंद करून दिली, साडेतीन हजारांत. फेरीबोटीचा इलाज अर्धा तास लवकर निघणं. दरडीला कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. पंक्चरचं मात्र मान्य करतो. माझ्या गाडीच्या तारेच्या चाकांत ट्यूब आहे, रात्री मागचं चाक खोलून ट्यूब बदलायला पाऊण तास जातो. नव्या हिमालयनला आता ट्यूबलेस तारेची चाकं मिळतात, तिथे दहा मिनिटांत प्लग ठोकून माणूस मार्गी लागतो. ही खरी सोय आहे. पण एका सोयीसाठी अख्खी गाडी बदलायची का, हा प्रश्न उरतोच.

आता रस्त्यांचं बघू. "समृद्धी झाला, एक्सप्रेसवे झाला, आता वेग लागतो," असं मित्र म्हणाला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तो सुरू झाल्यापासून आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. २०२४च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूवरही दुचाकीला बंदी आहे. महाराष्ट्रातले जे सगळ्यात वेगवान रस्ते आहेत, तिथे आपल्याला पाऊल ठेवता येत नाही, मग गाडी २४ हॉर्सपॉवरची असो की ४० ची. उरतो पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्यासारखे चौपदरी रस्ते. तिथे केंद्र सरकारने २०१८ साली मोटरसायकलसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि साध्या रस्त्यांवर ६०. माझी जुनी गाडी ८० ला दिवसभर चालते. म्हणजे कायद्याने जाता येतं तिथपर्यंत ती मागे पडतच नाही. जिथे ती मागे पडते, तिथे जाण्याची कायद्याने मुभा नाही.

यावर मित्राचं उत्तर तयार होतं: "ताकद टॉप स्पीडसाठी नसते रे, ओव्हरटेकसाठी असते." हे बरोबर आहे, आणि त्याच्या सगळ्या मुद्द्यांत हाच मला सगळ्यात वजनदार वाटतो. दोघं बसून, सामान लादून, चढावर ट्रकच्या पुढे निघताना पटकन मिळणारी ओढ जीव वाचवू शकते. पण कुंभार्ली घाटात किंवा आंबोलीत किती ठिकाणी तो ओव्हरटेक करायला हवा? एका वळणावर पुढचा दीडशे मीटर रस्ता दिसतो, दुसऱ्यावर पन्नास. ज्या जागी जास्तीच्या ताकदीशिवाय ट्रकच्या पुढे जाताच येत नाही, त्या जागी बहुतेक वेळा मागेच थांबायचं असतं. मी वीस वर्षं घाटात गाडी चालवतोय. या वीस वर्षांत मी पाहिलेले घाटातले अपघात ताकद कमी होती म्हणून झाले नाहीत. ते घाईने झाले. ताकद हातात आली की घाई करायची हिंमत वाढते, आणि हे माझ्यापेक्षा पंचविशीतल्या पोरांच्या घरच्यांना जास्त ठाऊक आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या मोटरसायकलींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. तुमची गाडी त्याआधीची असेल, तिला एबीएस नसेल आणि तुम्ही पावसात टूर करत असाल, तर मी मित्राच्या बाजूने उभा आहे: बदला. त्यात टेस्ट राइडचीही वाट बघू नका. पण ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांच्यासाठी सुरक्षिततेचा हिशेब वेगळ्या जागी होतो. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. १९२० असं लिहिलं असेल तर टायर २०२० सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात बनलाय. आमच्या ग्रुपमधल्या अकरा गाड्यांवर हे आकडे वाचायचं काम मी त्या रविवारी मिसळ खाऊन झाल्यावर केलं. चार गाड्यांचे टायर पाच वर्षांहून जुने निघाले. नक्षी शिल्लक होती, रबर दगडासारखं झालेलं. त्या चारपैकी दोघांनी नवी गाडी बुक केली आहे आणि ती यायला दोन महिने लागणार आहेत. तोपर्यंत त्याच टायरवर ते पावसात ताम्हिणी उतरणार. ज्याला खरंच सुरक्षिततेची काळजी आहे तो आधी टायरवाल्याकडे जातो, मग शोरूममध्ये. ब्रेक पॅड, दोन वर्षांनी बदलायचं ब्रेक ऑइल, चेनचा ताण, हँडलचा कोनसेट, घोट्यापर्यंतचे बूट आणि मागे बसणाऱ्यासाठीही चांगलं हेल्मेट. या सगळ्याला नव्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही खर्च येत नाही.

सुरक्षिततेचा आणखी एक भाग टेस्ट राइडमध्ये कधी दिसत नाही. पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धनला आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की खाड्या आडव्या येतात. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. प्रत्येक ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालायची. दाभोळला मी एकदा ओहोटीच्या वेळी पोचलो होतो. धक्क्याचा उतार पाण्याखालून नुकताच वर आलेला, शेवाळाने हिरवा. बायको खाली उतरून पायी पुढे गेली. दोन्ही बॅगा भरलेल्या. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, इंचाइंचाने उतरत होतो. बोटीच्या लोखंडी फळीवर पुढचं चाक चढलं आणि मागचं शेवाळावर एक वीत बाजूला सरकलं. त्या क्षणी मी डावा पाय टेकला. तळवा पुरता टेकला, टाच जमिनीला लागली, म्हणून गाडी उभी राहिली. माझ्या गाडीच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर आहे. नवीची मूळ सीटवर कमीत कमी ८२५. उंच माणसाला हा फरक जाणवणारही नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच, मला त्या पंचवीस मिलिमीटरमध्ये टाच टेकणं आणि चवडा टेकणं एवढा फरक पडतो. शोरूमच्या सपाट फरशीवर चवडा पुरतो. दाभोळच्या धक्क्यावर टाच लागते. हा नव्या गाडीचा दोष नाही. ती बनवणाऱ्यांनी चाकाला जास्त हालचाल आणि पोटाखाली जास्त जागा दिली, त्यासाठी उंची वाढली. ज्याला स्पितीच्या दगडधोंड्यांत जायचंय त्याला ती उंची वरदान आहे. मी वर्षातून तीनदा कोकणात जातो.

पार्टचं भय तर मला निव्वळ अफवा वाटते. ४११ हिमालयन २०१६ साली आली आणि २०२३ पर्यंत विकली गेली. तेच इंजिन २०२२ साली आलेल्या स्क्रॅम ४११ मध्येही बसवलं गेलं. इतकी वर्षं, इतक्या गाड्यांत गेलेल्या इंजिनाचे पिस्टन, क्लच प्लेट आणि केबल उद्या बाजारातून गायब होतील असं मानायला काही आधार नाही. शिवाय हे इंजिन आता तालुक्याच्या गावच्या मेकॅनिकच्याही हाताखालून गेलेलं आहे. चेन सैल पडून गाडी खडखडायला लागली तेव्हा गुहागरच्या एका गॅरेजमध्ये टीचभर जागेत बसून तिथल्या मेकॅनिकने ती वीस मिनिटांत जागेवर आणली. नवी गाडीही चार-पाच वर्षांत तशीच सगळ्यांच्या ओळखीची होईल. पण ती ओळख होईपर्यंत रस्त्यात थांबणारा पहिला माणूस मीच व्हायला हवं, असा काही नियम नाही.

राहिला पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र सेससह ३१ टक्के लागायचे, तिथे सरळ ४० टक्के झाले. म्हणजे कारखान्यातून दोन लाखांना निघणाऱ्या गाडीवर पूर्वी ६२ हजार कर होता, आता ८० हजार. ४५२ सीसीची गाडी याच वरच्या वर्गात बसते. त्यावर आरटीओचा कर, विमा, आणि मग क्रॅशगार्ड, बॅगांचे स्टँड, नव्या बॅगा, कारण जुने स्टँड नव्या गाडीला बसत नाहीत. जुन्या गाडीचे पैसे वजा केल्यावर माझ्या खिशातून साधारण अडीच लाख जाणार होते. माझी गाडी लिटरला तीस किलोमीटर देते. पेट्रोल लिटरला एकशे पाच रुपये धरलं तर किलोमीटरला साडेतीन रुपये होतात. अडीच लाखांत सत्तर हजार किलोमीटरचं पेट्रोल येतं. मी सहा वर्षांत चाललो त्याहून जास्त. मित्र म्हणतो हप्ता परवडतो. हप्ता परवडतोच, पण हप्त्याच्या ओझ्याखाली पहिल्या वर्षी टूर कमी होतात, हे मी चौघांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. गाडी फिरण्यासाठी घ्यायची आणि फिरण्याचे पैसे गाडीत घालायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

यावरून मी जुन्याला कवटाळून बसणारा आहे, असं कोणी समजू नये. "जुनं ते सोनं" हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. जुनी गाडी म्हणून ती चांगली नसते, आणि आठवणी आहेत म्हणून ब्रेक जास्त लागत नाहीत. तीन प्रसंगांत मी आज, याच आठवड्यात गाडी बदला म्हणेन. गाडीला एबीएस नसेल तर. दुरुस्तीचा वर्षाचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला असेल तर. आणि तुमचा प्रवासच बदलला असेल तर: एकट्याने जाणारे तुम्ही आता कायम दोघं जात असाल, किंवा कोकण सोडून दर वर्षी लडाखला निघत असाल. या तिन्हींतलं काहीच घडलेलं नसेल, तर बदलावंसं वाटणं हे केवळ त्या अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हणून टूर करणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. टेस्ट राइड जरूर घ्या, पण त्या दिवशी बुकिंगची रक्कम भरू नका. ज्या व्यक्तीसोबत फिरता तिला मागे बसवून घ्या. शक्य असेल तर ती गाडी कोणाकडून दिवसभरासाठी भाड्याने घ्या, सामान लादा, आणि पाच-सहा तास घाटातून चालवा. तेवढं जमलं नाही तर निदान एक वही घ्या आणि पुढच्या वर्षभराचे खोळंबे लिहा. वर्षाअखेरीस त्यातले निम्मे नवी गाडी दूर करणार असेल, तर माझा लेख विसरा आणि खुशाल घ्या.

माझ्या वहीने सोळातला एकच खोळंबा गाडीच्या ताकदीवर टाकला आहे. गाडी मी बदललेली नाही. टायर दोन्ही नवे घातले आहेत, आणि डिसेंबरात आम्ही दोघं दाभोळची खाडी पुन्हा ओलांडणार आहोत.